चाकाला लावलेलं पवित्र तेल

आमचे पहिले लोक या खोऱ्यात पोचले त्या दिवसाच्या आठवणीत दर वर्षी चोवीस जुलैला आमच्या गावात मिरवणूक निघते आणि दर वर्षी मी ती कपाळाला आठ्या घालून बघते. बिशपच्या नाती कडक इस्त्रीच्या टोप्या घालून एक हातगाडी ओढत रस्त्याने जातात. दांड्यांना फुलं, कडेला रंगीत फिती, आत गादीवर बसवलेलं एखादं गुबगुबीत पोर. बाजूला उभे असलेले लोक डोळे पुसतात, 'काय ती श्रद्धा!' म्हणतात आणि घरी जाऊन कोंबडीवर ताव मारतात.

मी डॉर्कस पिलिंग. तसली एक गाडी मी स्वतः मागून ढकलत आणली आहे, मिसुरी नदीपासून या खोऱ्यापर्यंत. हजार मैल तरी असेल. तिला फिती नव्हत्या. पुढून ती ओढत होती टॅमर ग्रिमशॉ, आणि टॅमरचं नाव मिरवणुकीत कोणी घेत नाही. घेतात तिच्या नवऱ्याचं, एनॉसचं. म्हणून तिची गोष्ट मी सांगणार आहे. गोड लागणार नाही, हे आधीच सांगून ठेवते.

टॅमर आणि मी समुद्रापलीकडे, प्रेस्टनच्या एकाच कापडगिरणीत होतो. ती दोन माग चालवायची. खांदे हमालासारखे, आवाज मागांच्या खडखडाटावर चढणारा. देवळात ती कुजबुजली तरी मागच्या बाकापर्यंत ऐकू जायचं. एनॉस तिच्या अगदी उलट. काटकुळा, हळू बोलणारा, लाकडी तळाचे बूट बनवायचा आणि बोलता बोलता डोळे मिटायचा. बाजारात आमच्या पंथाच्या एका प्रचारकाचं भाषण ऐकून तो भारावला आणि त्याच आठवड्यात नदीत बुडी मारून बाप्तिस्मा घेऊन आला. टॅमरने वर्षभर दम धरला, मग तीही उतरली.

"तुला पटलं का गं सगळं?" मी विचारलं होतं.

"पटलं की नाही ते बघू पुढे," ती म्हणाली. "पण हा एकटाच स्वर्गात गेला तर तिथे याला जेवायला कोण वाढणार?"

मीही पुढे त्यांच्या मागोमाग आलेच. मला पटलं होतं, आणि अजूनही पटलेलं आहे. माझी देवाविषयी काहीएक तक्रार नाही. मला शिसारी आहे ती देवाच्या वतीने बोलणाऱ्यांची.

सियोन, म्हणजे देवाने आमच्यासाठी नेमलेली भूमी, डोंगरांपलीकडे, तिथे जायचं. बैलगाड्यांना पैसे नव्हते, म्हणून हातगाड्या. माणसानेच दांड्यांत शिरायचं आणि ओढायचं. आम्हा तिघांना मिळून एक गाडी. आमच्या तांड्याचा कप्तान होता एल्डर बर्डेट; एल्डर म्हणजे आमच्यात धर्मकृत्यांचा अधिकार मिळालेला पुरुष. आमच्यात सगळे एकमेकांचे ब्रदर आणि सिस्टर, सख्ख्या भावाबहिणींत असतं तेवढंच प्रेम. ब्रदर बर्डेटला खेचर होतं, लोकरीचा जाड कोट होता आणि दाढी इतकी सुंदर होती की तो बोलत असताना बायका दाढीकडेच बघायच्या.

जहाजाने समुद्र ओलांडून मिसुरीच्या काठी पोचलो तर गाड्या तयारच नव्हत्या. सुतारांनी ओल्या लाकडाच्या घाईघाईने ठोकल्या, त्यात ऑगस्ट संपत आला. तिथल्या दोघा-तिघा जाणत्या माणसांनी हात जोडून सांगितलं, बाबांनो, डोंगरात बर्फ पडेल, हिवाळा इथेच काढा. ब्रदर बर्डेट खोक्यावर चढला.

"ज्या देवाने समुद्र दुभंगला त्याला चार ढग थोपवता येणार नाहीत? ज्यांना पुढे जाणं मान्य आहे त्यांनी उजवा हात वर करावा."

हा आमचा रिवाज. नवा बिशप असो, पाटाचं पाणी असो, सगळं उजवा हात वर करून मंजूर होतं. पण हिवाळा कधी येणार हे हात वर करून ठरवणारी माणसं पृथ्वीच्या पाठीवर आमच्याशिवाय दुसरी नसतील. गवताचं रान उभं राहावं तसे हात उभे राहिले. एनॉसने डोळे मिटून वर केला. त्याचा बघून टॅमरने केला.

"एका घरातले दोन हात दोन दिशांना बरे दिसत नाहीत," ती मला म्हणाली.

मग रिवाजाप्रमाणे ब्रदर बर्डेट म्हणाला, "विरोधात कोणी असेल तर त्यांनीही दाखवावा." मी वर केला. माझा एकटीचाच होता. त्याने तो पाहिला आणि म्हणाला, "एकमताने मंजूर."

निघालो. पहिले आठ-दहा दिवस भजनं म्हणत गेलो. मग ओलं लाकूड कोरड्या वाऱ्यात वाळायला लागलं. आरे ढिले झाले, तुंबे, म्हणजे चाकांचे मधले लाकडी गोळे, चिरले. आस लाकडाचा, तुंबाही लाकडाचा, मधे वाळू. गाड्या किंचाळायला लागल्या. डुकराच्या गळ्यावर सुरी ठेवल्यावर ते जसं ओरडतं तशा, आणि एक-दोन नाही, सगळ्याच्या सगळ्या, सकाळपासून अंधार पडेपर्यंत. शेजारच्याशी बोलता यायचं नाही. टॅमरला तेवढी सवय होती, गिरणीसारखं वाटतं म्हणायची.

वंगण हवं होतं. आधी खारवलेल्या मांसाची चरबी लावली. मग पिठाचं माप कमी झालं तशी ती चरबी पोटात गेली, चाकाला कोण देणार? साबण लावला, तोही संपला. बुटांचं कातडं कापून आसाला गुंडाळलं. रोज संध्याकाळी एखादा आस मोडायचा आणि ती माणसं सामान टाकून मागे रखडायची.

तशात एक नदी ओलांडताना एनॉस छातीभर पाण्यात घसरून पडला आणि त्याला हगवण लागली, मग ताप. आधी चालेना, मग बसवेना. शेवटी हातसुद्धा उचलवेना. पिठाची पातळ लापशी टॅमर त्याला चमच्याने भरवायची आणि निम्मी गालावरून ओघळायची. एवढा मोठा बाप्या, पण बाहुलीसारखी मान टाकायचा. टॅमरने त्याला आमच्या गाडीत घातलं आणि ओढू लागली.

ब्रदर बर्डेट खेचरावरून आला. "सिस्टर ग्रिमशॉ, आजाऱ्यांसाठी बैलगाडी आहे."

बैलगाडी होती खरी. तिच्यात पिठाच्या पोत्यांवर आजारी माणसं टाकायची आणि वरून ताडपत्री ओढायची. आत टाकलेलं माणूस पुन्हा पायाने खाली उतरलेलं आम्ही पाहिलं नव्हतं. संध्याकाळी ताडपत्री उघडायची, खड्डा खणायचा, एक भजन म्हणायचं.

"तिथे याला भरवणार कोण?" टॅमर म्हणाली.

"देव."

"देवाला चमचा धरता येतो का, मला माहीत नाही. मला येतो."

तो लाल झाला. पण लोक बघत होते. म्हणाला, "ठीक आहे. जोवर तुमची गाडी तांड्याबरोबर आहे तोवर ठेवा. ज्या दिवशी मागे पडलात त्या दिवशी तो बैलगाडीत जाईल." मग खाली उतरून त्याने एनॉसच्या टाळूवर पवित्र तेल लावलं, डोक्यावर हात ठेवून मोठ्याने प्रार्थना केली आणि तेल पुसून हात कोटाला घासले. एनॉसला काही गुण आला नाही. दोन दिवसांनी ब्रदर बर्डेटने विचारलं तेव्हा टॅमरने तसं सांगितलं, तर म्हणतो कसा, "मग घरात कुणाचीतरी श्रद्धा कमी पडतेय." नाचता येईना अंगण वाकडं. आणि असं म्हणताना त्याने टॅमरकडे बघितलं. तिच्या तळहातांची सालं निघाली होती आणि दांड्यांना रक्त लागलेलं होतं. मला ओकारी आली असती, पण पोटात काही नव्हतं.

आता आमच्यापुढे एकच गोष्ट होती, ती म्हणजे गाडी मागे पडता कामा नये. पडली तर एनॉस ताडपत्रीखाली जाणार. आणि आमचा डावा आस तर झिजून बोटभर उरला होता. चाक दारुड्यासारखं डुलत होतं. पुढून टॅमर, मागून मी, तरी दुपारपर्यंत आम्ही रांगेच्या शेपटाला असायचो.

त्या दिवशी दुपारच्या मुक्कामात टॅमरने गाठोड्यातून एक बाटली काढली. तीही पवित्र तेलाचीच. प्रेस्टन सोडण्याआधी तिने ऑलिव्हचं तेल विकत आणलं होतं आणि एनॉसने स्वतः दोन्ही हातांत धरून ते मंत्रून ठेवलं होतं. प्रवासात कोणी आजारी पडलं तर असू द्यावं म्हणून. टॅमरने बूच दाताने उपटलं. चाक काढलं, आपल्या बुटाच्या उरल्यासुरल्या कातड्याची पट्टी त्या तेलात भिजवली, आसाला गुंडाळली आणि वर आणखी धार सोडली.

"अगं बाई," मी म्हटलं, "ते मंत्रलेलं आहे."

"मग आणखीच चांगलं चालेल. धर ते चाक."

आणि चाललं! लोण्यातून सुरी जावी तशी गाडी निघाली. संध्याकाळपर्यंत आम्ही शेपटाकडून पार तांड्याच्या मध्यावर आलो. टॅमरने दांड्यांत असतानाच एक शिट्टीसुद्धा मारली. पण तीच चूक झाली. शिट्टी नव्हे, तर शिट्टी ऐकू आली ही. सगळ्या गाड्या किंचाळतायत आणि एकच मुकाट चालली आहे. लोक माना वळवून बघायला लागले. ब्रदर बर्डेटचं खेचर आमच्याशेजारी येऊन थांबलं.

"काय लावलंत?"

टॅमरला खोटं बोलता येत नव्हतं. आयुष्यात तिला ती एकच कला जमली नाही. "तेल. एनॉसने मंत्रलेलं," ती म्हणाली.

त्या संध्याकाळी नदीकाठी सभा. रानगव्यांच्या वाळक्या शेणाच्या गोवऱ्या पेटवलेल्या, धूर डोळ्यांत, पाठीला गारठा. नदीच्या काठाकाठाने बर्फाची पापडी धरली होती. सकाळपासून दोन मुलं गेली होती, त्यांच्यासाठी सभा नव्हती. सभा चाकाच्या तेलासाठी होती. शेळी जाते जिवानिशी, खाणारा म्हणतो वातड, त्यातली गत.

"जे तेल देवाने आजाऱ्यांसाठी नेमलं ते या बाईने लाकडाला फासलं," ब्रदर बर्डेट म्हणाला. "म्हणूनच आपल्यावर ही संकटं येतायत."

म्हणजे ऑगस्टात निघालो म्हणून नव्हे, ओल्या लाकडामुळे नव्हे. तेल तिने दुपारी लावलं आणि माणसं तीन आठवड्यांपासून मरत होती, पण हा हिशेब करायला कोणी तयार नव्हतं.

टॅमर उभी राहिली. "आजाऱ्यांसाठीच असतं ना तेल? मग मी आजाऱ्यासाठीच वापरलं. तुम्ही त्याच्या डोक्याला लावलंत. त्याच्या डोक्याला काही झालेलं नाही, ब्रदर बर्डेट. दुखणं चाकाचं आहे."

कोणीतरी फिसकन हसलं आणि लगेच खोकल्याचं सोंग आणलं. त्या हसण्यानेच घात झाला. दाढीवाल्या माणसाला शिव्या चालतात, हसू चालत नाही. त्याने निकाल सांगितला. सिस्टर ग्रिमशॉने उद्या सकाळी सगळ्यांसमक्ष पश्चात्ताप करावा आणि पुन्हा बाप्तिस्मा घ्यावा, नाहीतर ती तांड्यातली नाही. उरलेलं तेल जमा करावं.

"ज्यांना मान्य आहे त्यांनी उजवा हात वर करावा."

हात वर झाले. ज्या बायकांच्या पोरांना टॅमरने आपल्या वाटणीतलं पीठ दिलं होतं त्यांचेही झाले. थंडीने काळेनिळे पडलेले, भेगाळलेले, घाणेरडे हात. माणसांचा इतका वीट मला आयुष्यात कधी आला नव्हता. आणि मग मी आमच्या गाडीकडे बघितलं. एनॉस गाडीच्या कडेला टेकून पडला होता, गळ्यापर्यंत घोंगडी. घोंगडी हलली. त्याने डोळे मिटले आणि उजवा हात वर केला.

विरोधात मी वर केला. एकमताने मंजूर.

रात्रभर मी टॅमरला म्हणत होते, टाक त्याला बैलगाडीत. ती त्याचे पाय आपल्या पोटाशी धरून झोपली.

सकाळी आम्ही नदीवर गेलो. ब्रदर बर्डेटला खोकला झाला होता म्हणून पाण्यात त्याने दुसऱ्याच एका तरुण एल्डरला उतरवलं आणि स्वतः काठावर कोटाची कॉलर उभी करून राहिला. टॅमर पापडी फोडत कमरेइतक्या पाण्यात गेली. त्या पोराचे दात इतके वाजत होते की त्याला धड प्रार्थना म्हणता येईना. त्याने तिला मागे रेलवून बुडवलं. आमच्यात नियम असा की अख्खं माणूस पाण्याखाली गेलं पाहिजे. केस नाही, नख नाही, काही वर राहायचं नाही. टॅमरच्या झग्याचा काठ फुग्यासारखा वर राहिला.

"काठ दिसला," ब्रदर बर्डेट म्हणाला. "पुन्हा."

मी त्याला त्या वेळी काय म्हणाले ते इथे लिहीत नाही. आमच्या बिशपची बायको हे वाचेल.

दुसऱ्यांदा ती पूर्ण गेली. बाहेर आली तेव्हा ओठ काळे पडले होते आणि झगा अंगावरच कडक व्हायला लागला होता. मी तिला माझी शाल दिली. तिने ती एनॉसच्या छातीवर टाकली आणि दांड्यांत शिरली. एनॉस रडत होता. म्हणाला, "टॅमर, आता आपण शुद्ध झालो." तो मरायला टेकलेला नसता तर मी त्याला गाडीसकट नदीत लोटलं असतं.

उरलेलं तेल ब्रदर बर्डेटकडे गेलं. त्याने त्याचं काय केलं माहीत नाही. दोन दिवसांनी त्याचे बूट चकाकत होते असं लोक म्हणतात. मी पाहिलं नाही, म्हणून मी ते सांगत नाही. पट्टीत मुरलेलं होतं तेवढ्यावर आमचं चाक आणखी थोडं चाललं, मग इतरांसारखं किंचाळायला लागलं. पुढे बर्फ आलं, न विचारता, हात वर न करता. त्यात आम्ही किती जण पुरले ते मिरवणुकीत सांगत नाहीत. तरी टॅमरची गाडी मागे पडली नाही. खोऱ्यातून मदतीच्या गाड्या पीठ आणि रजया घेऊन आल्या तेव्हा एनॉस जिवंत होता. टॅमरच्या डाव्या हाताची दोन बोटं मात्र हिमाने गेली. पुन्हा मागावर बसणं नशिबी नव्हतं.

एनॉस या खोऱ्यात चांगला खडखडीत झाला. गाल वर आले, आवाज सुटला. महिन्याच्या उपासाच्या रविवारी तो देवळात साक्ष द्यायला उभा राहायचा आणि सांगायचा, ब्रदर बर्डेटने डोक्याला तेल लावलं आणि मी उठलो. वर्षागणिक तो लवकर लवकर उठायला लागला. शेवटी शेवटी तर तेलाचा थेंब पडताक्षणीच उठून भजन म्हणत चालायला लागायचा. गाडी कोणी ओढली हा भाग त्याच्या गोष्टीतून कधीच गळून पडला होता. आमच्यात तेव्हा एकाहून जास्त बायका करायची रीत होती; वडीलधाऱ्यांनी सुचवलं म्हणून त्याने दुसरं लग्न केलं, किर्स्टन नावाच्या डॅनिश पोरीशी. तिच्या खोलीची चूल टॅमरने बांधली, डाव्या हाताच्या उरलेल्या तीन बोटांनीही चिखल थापत. मी बघत होते आणि माझ्या घशाशी आंबट येत होतं. टॅमर मात्र तशीच. मोठ्याने बोलायची, मोठ्याने नाक शिंकरायची, कोंबड्यांना शिव्या द्यायची, एनॉसला गरम गरम वाढायची.

गेल्या मार्चमध्ये एनॉस गेला. देवळात बिशपने भाषण केलं, तेलाचं. लोक रडले. नंतर त्यांच्या घरी जेवण झालं. बाहेरच्या खोलीत किर्स्टन बायकांच्या गराड्यात हुंदके देत होती. टॅमर आणि मी आत बशा धूत होतो. माझा बांध फुटला.

"टॅमर, आज तो गेला, आता विचारते. तो हात तुला गिळवला कसा गं?"

"कुठला हात?"

"कुठला म्हणून काय विचारतेस! नदीकाठचा. ज्याच्यासाठी तू ते तेल ओतलंस त्यानेच तुझ्याविरुद्ध वर केलेला. मला अजून तो आठवला की थुंकावंसं वाटतं."

तिने बशी पाण्यातून काढली, निथळत धरली. "अगं, त्या दिवशी दुपारी त्याला चमचासुद्धा धरता येत नव्हता. तूच मान धरली होतीस ना त्याची? मी मनात धरून चालले होते की आता एक-दोन दिवस." ती आपल्या नेहमीच्या आवाजात बोलत होती, बाहेर ऐकू जात असेल याची फिकीर न करता. "आणि संध्याकाळी बघते तर हात वर! पार डोक्याच्या वर, कोणी न धरता. सरळ. मी मनात म्हटलं, जगतो. हा आता जगतो. तुम्ही सगळे काय ठरवत होतात त्याकडे माझं लक्षच नव्हतं, डॉर्कस. पाण्यात घातलं तेव्हासुद्धा मी तेवढंच म्हणत होते."

आणि तिने बशी माझ्या हातात दिली. इतकी वर्षं त्या हाताच्या नावाने तोंडात धरून ठेवलेली थुंकी मी तिथेच, तिच्या स्वयंपाकघरात, गिळली.